औषधी वनस्पतींची काढणी : वजनाआधी ऋतू पाहावा

उत्तर प्रदेशातील बाराबंकी आणि आसपासच्या जिल्ह्यांत मे-जून महिन्यांत मेंथॉल पुदिन्याची कापणी चालू असते. शेतकरी कापलेले पीक थोडे सुकवतो, जवळच्या ऊर्ध्वपातन टाकीवर नेतो आणि काही तासांतच त्याच्या डब्यात तेल जमा होते. कापणी ढगाळ हवेत किंवा पावसानंतर लगेच केली असेल, तर तेल कमी उतरते. ही गोष्ट त्याला कोणा शास्त्रज्ञाने समजावून सांगावी लागत नाही. डब्यातले तेलच ती सांगते. म्हणून तो कापणीच्या काही दिवस आधी पाणी बंद करतो, स्वच्छ उन्हाचे दिवस निवडतो आणि मान्सूनपूर्वी पीक टाकीवर पोहोचावे अशा बेताने लागवड करतो. ऋतू पाळणे हे त्याच्यासाठी केवळ शास्त्र नाही, तो रोख हिशेब आहे.

मुळे, साल, खोड, पाने किंवा सबंध झाड अशा स्वरूपात विकल्या जाणाऱ्या औषधी वनस्पतींचे चित्र याच्या उलट आहे. शतावरी, गुळवेल, कालमेघ, भुईआवळा यांचा माल पोत्यात भरून काट्यावर चढतो आणि दर ठरतो तो किलोवर. त्या मालात औषधी द्रव्य किती आहे, याची परीक्षा शेकडो किलोमीटर दूर असलेल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते आणि तिचा निकाल पिकवणाऱ्यापर्यंत किंवा जंगलातून गोळा करणाऱ्यापर्यंत सहसा परत येत नाही. योग्य वेळी काढलेल्या मुळाला आणि दोन महिने आधी उपटलेल्या मुळाला पुष्कळदा एकच भाव मिळतो. मग थांबावे कोणी आणि कशासाठी?

औषधी वनस्पतींच्या विस्तारकार्यात आपण आजवर ‘कोणती वनस्पती लावावी’ आणि ‘एकरी किती उत्पन्न मिळेल’ या दोन प्रश्नांची उत्तरे देत आलो. ‘केव्हा काढावी’ हा प्रश्न माहितीपत्रकाच्या शेवटच्या ओळीत राहिला. माझे मत असे आहे की, या पिकांच्या बाबतीत तोच पहिला प्रश्न आहे. ऋतूचे मोल शेतकऱ्याला आणि संकलकाला प्रत्यक्ष दिसेल अशी व्यवस्था आपण उभी केली नाही, तर गुणवत्ता आणि जंगलातील बियाणे ही दोन्ही हातची जातील.

वनस्पतीचे वर्ष

धान्यपिकात दाणा हा एकच लक्ष्यभाग असतो आणि तो पक्व झाला की काढणी होते. औषधी वनस्पतीत मात्र मूळ, कंद, साल, पान, फूल, फळ, बी यांपैकी कोणताही भाग लक्ष्य असू शकतो. वनस्पती आपली द्रव्ये वर्षभर एकाच ठिकाणी साठवून ठेवत नाही. वाढीच्या काळात साठा पानांकडे आणि कोंबांकडे वाहतो, पाने पिकून गळू लागली की तो मुळांकडे व कंदांकडे परततो. अनेक सुगंधी वनस्पतींत तेलाचे प्रमाण फुलोऱ्याच्या सुमारास सर्वाधिक असते. त्यामुळे एकच झाड एका ऋतूत औषध असते आणि दुसऱ्या ऋतूत केवळ काष्ठ असते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ही जाणीव नवी नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात कोणता भाग कोणत्या ऋतूत घ्यावा याचे स्पष्ट विवेचन आहे. कोवळ्या फांद्या व पाने वर्षा आणि वसंत ऋतूंत, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद व चीक शरदात, गाभ्याचे लाकूड हेमंतात आणि फुले-फळे त्यांच्या त्यांच्या हंगामात घ्यावीत, असा त्याचा आशय आहे. सुश्रुतसंहितेत या विषयावरील इतर आचार्यांचे मत नोंदवून त्याहून वेगळे मत मांडले आहे. म्हणजे त्या काळीही हा चर्चेचा विषय होता, अंधपणे पाळायचा नियम नव्हता. आजच्या संशोधकाने ही विधाने प्रयोगाने तपासावीत, हेच त्या परंपरेला धरून होईल. आणंदजवळील बोरिआवी येथील औषधी व सुगंधी वनस्पती संशोधन संचालनालय, लखनौची केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था आणि अनेक कृषी विद्यापीठे यांनी काढणीच्या योग्य काळावर काम केले आहे. प्रश्न ज्ञानाच्या अभावाचा कमी आहे आणि ते ज्ञान काट्यापर्यंत न पोहोचण्याचा अधिक आहे.

मृगापासून मृगापर्यंत

आपले शेतीचे वर्ष मृगापासून सुरू होते. सह्याद्रीच्या पट्ट्यात पहिल्या पावसाबरोबर रानभाज्या उगवतात. शेवळे, टाकळा, फोडशी, भारंगी, करटोली, कुर्डू अशी त्यांची रांगच लागते. या भाज्यांच्या बाबतीत ऋतूचा अर्थ दिवसांत मोजला जातो. टाकळा कोवळा असतानाच खाण्याजोगा असतो. पंधरवड्यात तो राठ होतो. शेवळ्याने घसा खवखवतो, म्हणून तो काकडाच्या फळांसोबत किंवा दुसऱ्या आंबट पदार्थासोबत शिजवावा लागतो. भारंगीची पाने उकळून पाणी टाकल्यावरच कडवटपणा कमी होतो. केव्हा खुडावे, कसे शिजवावे आणि काय टाळावे हे सारे ज्ञान एकत्रच नांदते. रानभाज्यांचे महोत्सव भरवताना आपण नावांचे फलक लावतो, परंतु हे जोडज्ञान बहुधा त्या फलकांवर नसते. नवख्या ग्राहकाला अर्धवट माहितीवर रानभाजी देणे धोक्याचे आहे, याचे भान ठेवावयास हवे.

याच भाज्यांत ऋतूचा दुसरा धडाही आहे. टाकळ्याचे पान आषाढात भाजी होते आणि त्याचे बी हिवाळ्यात गोळा होऊन डिंक तयार करणाऱ्या कारखान्यांकडे जाते. फोडशी म्हणून ज्या पात्या खुडल्या जातात, त्या पांढऱ्या मुसळीच्याच गोत्रातील वनस्पतींच्या असतात. पांढऱ्या मुसळीचे शास्त्रीय नाव तर मुंबईतील बोरिवलीवरून पडले आहे. पावसाळ्यात सगळी पात खुडली, तर हिवाळ्यात कंद भरणार कशाने? एका ऋतूची काढणी ही दुसऱ्या ऋतूच्या काढणीवर घेतलेली उचल असते.

पाऊस ओसरू लागला की सबंध झाड वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींची वेळ येते. भुईआवळा सप्टेंबरच्या सुमारास, पाने हिरवी आणि फळे धरलेली असताना काढावा. उशीर झाला की पाने गळतात. कालमेघाची काढणी फुलोऱ्याच्या आरंभी करणे इष्ट असते, कारण त्याचे कडू द्रव्य मुख्यतः पानांत असते आणि ते त्या सुमारास भरपूर असते. येथे वजन आणि गुण यांचा थेट संघर्ष दिसतो. शेतकरी तीन-चार आठवडे थांबला तर खोड जाड होते आणि पोते जड भरते, पण पाने गळून गेलेली असतात. किलोवर भाव मिळत असेल, तर त्याने थांबणेच त्याच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते. दोष शेतकऱ्याचा नाही, काट्याचा आहे.

हेमंत आणि शिशिर हे मुळांचे ऋतू. पांढऱ्या मुसळीची पाने सप्टेंबर-ऑक्टोबरात पिवळी पडून सुकतात. तेव्हा कंद लगेच काढण्याचा मोह होतो, परंतु ते जमिनीतच राहू द्यावे लागतात. फिकट साल गडद तपकिरी झाली म्हणजे कंद पक्व झाले. घाईने काढलेल्या कंदात पाणी अधिक असते आणि वाळवल्यावर वजन व प्रत दोन्ही घटतात. अश्वगंधेचे पीक साधारण १५० ते १८० दिवसांचे. पाने वाळू लागली आणि फळे तांबडी झाली ही तिची खूण. मध्य प्रदेशातील नीमच आणि मंदसौर भागात हे पीक मोठ्या प्रमाणावर होते आणि नीमचच्या मंडईत मुळांची प्रत लांबी, जाडी, ठिसूळपणा व मोडल्यावर दिसणारा पांढरेपणा यांवरून ठरते. जाड, भरीव, मोडताच पांढरेशुभ्र दिसणारे मूळ वरच्या प्रतीचे, बारीक व तंतुमय मूळ खालच्या प्रतीचे. ही परीक्षा डोळ्यांची आणि बोटांची असली, तरी तीत ऋतूचे प्रतिबिंब काही अंशी पडते. म्हणूनच अश्वगंधा पिकवणारा शेतकरी काढणीची वेळ इतरांपेक्षा काळजीने पाळताना दिसतो. जेथे मोल दिसते, तेथे शिस्त आपोआप येते.

वसंतात गुजरात व राजस्थानात इसबगोल पक्व होतो. फेब्रुवारी-मार्चमधील अवकाळी पावसाची एखादी सर पक्व दाणे मातीत पाडते आणि फोल भिजून फुगवते. चार महिन्यांची मेहनत एका दुपारी जाते. त्यानंतर सह्याद्रीच्या जुन्नर-आंबेगाव भागात बाळहिरड्याचा हंगाम येतो. आठळी कठीण होण्यापूर्वी काढून वाळवलेले कोवळे फळ म्हणजे बाळहिरडा. तोच हिरडा झाडावर राहिला तर हिवाळ्यात मोठे, पिवळसर, पक्व फळ देतो. एका झाडाचे हे दोन हंगाम, दोन बाजार आणि दोन उपयोग आहेत. पण सगळाच हिरडा कोवळेपणी उतरवला, तर पक्व फळही नाही आणि नव्या रोपासाठी बीही नाही.

ग्रीष्माच्या अखेरीस गुळवेल. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात गुळवेलीचे पक्व खोड उन्हाळ्यात, शक्यतो मे महिन्यात, गोळा करावे असे नमूद आहे. यामागे रासायनिक कारणाइतकेच एक साधे व्यावहारिक कारणही मला दिसते. मे महिन्यात कापलेले खोड झटपट वाळते. श्रावणात कापलेली तीच वेल शेडमध्ये आठ-आठ दिवस ओली राहते, तिला बुरशी लागते आणि चांगला माल नाकारला जातो. काढणीचा ऋतू हा वाळवणीचाही ऋतू असतो, ही गोष्ट शेतकऱ्यांना सांगताना आपण सहसा विसरतो.

महिने मोजू नयेत

आपल्या शिफारशींतील एक उणीव येथे मोकळेपणाने मांडावीशी वाटते. शतावरीची काढणी लागवडीनंतर १८ ते २४ महिन्यांनी करावी, असे साधारणपणे लिहिलेले आढळते. वाक्य चुकीचे नाही, पण अपुरे आहे. बहुतेक शेतकरी शतावरीची लागवड जुलैत करतात. जुलैपासून १८ महिने मोजले तर जानेवारी येतो. तेव्हा वाढ थांबलेली असते, झाड पिवळसर पडलेले असते, मुळे भरलेली असतात आणि हवा कोरडी असते. पण २४ महिने मोजले तर पुन्हा जुलै येतो. तेव्हा पहिल्या पावसाने नवे कोंब फुटलेले असतात, मुळांतील साठा त्यांच्याकडे वळलेला असतो, जमीन चिखलाची असते आणि उकडून सोललेली मुळे वाळवायला ऊन नसते. दोन्ही शेतकऱ्यांनी शिफारस अक्षरशः पाळली. एकाचा माल उत्तम निघाला, दुसऱ्याचा काळा पडला.

म्हणून महिन्यांच्या आकड्यासोबत ऋतू आणि झाडावरची खूण ही दोन्ही आली पाहिजेत. ‘दुसऱ्या हिवाळ्यात, झाड पिवळे पडल्यावर, नवे कोंब फुटण्यापूर्वी’ हे वाक्य ‘१८ ते २४ महिन्यांनी’ या वाक्यापेक्षा शेतकऱ्याच्या अधिक कामाचे आहे. एखाद्या वर्षी पाऊस लांबतो, थंडी उशिरा येते, मार्चमध्येच कडक ऊन पडते. हवामान असे बदलत असताना कागदावरची तारीख फसवू शकते. पान गळणे, फळ रंगणे, पहिले फूल उमलणे या खुणा मात्र त्या वर्षीच्या हवामानाचा हिशेब करूनच प्रकट होतात.

याच संदर्भात पांढऱ्या मुसळीच्या लाटेचे स्मरण करावे लागते. या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रासह अनेक राज्यांत मुसळीच्या लागवडीची लाट आली. बेणे महाग दराने विकले गेले, परत खरेदीची आश्वासने दिली गेली आणि एकरी लाखो रुपयांचे हिशेब कागदावर मांडले गेले. बाजार त्या हिशेबाप्रमाणे उभा राहिला नाही आणि अनेक शेतकऱ्यांचे नुकसान झाले. त्या अनुभवाने ‘औषधी वनस्पती’ या शब्दावरचाच विश्वास उडाला. खरेदीदार निश्चित झाल्याविना क्षेत्र वाढवू नये, हा त्यातील पहिला धडा. दुसरा धडा असा की, केवळ उत्पन्नाच्या आकड्यावर उभे केलेले पीक त्या आकड्याबरोबरच कोसळते. गुणवत्तेवर उभे केलेले पीक सावकाश वाढते, पण टिकते.

घाई का होते?

‘संकलक अज्ञानामुळे अवेळी काढणी करतात’ असे आपल्या अहवालांतून वारंवार लिहिले जाते. हे विधान मला अन्यायाचे वाटते. जंगलात पिढ्यानपिढ्या वावरणाऱ्या माणसाला मूळ केव्हा भरते हे आपल्याहून चांगले ठाऊक असते. तो घाई करतो याची कारणे दोन आहेत. पहिले कारण गरज. आषाढ-श्रावणात घरातील धान्य सरत आलेले असते, शाळेचा व औषधपाण्याचा खर्च समोर असतो आणि त्याच वेळी व्यापारी रोख पैसे घेऊन दारात उभा असतो. दुसरे कारण स्पर्धा. आज मी खणले नाही, तर उद्या दुसरा खणून नेईल. जंगल सर्वांचे म्हणजे कोणाचेच नाही, अशी स्थिती असेल तर थांबणारा मनुष्य मूर्ख ठरतो.

या स्पर्धेचा शेवट कोठे होतो हे सर्पगंधेच्या इतिहासाने दाखवले आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेच्या उपयोगाचा अभ्यास ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये तिच्या मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि मागणी झपाट्याने वाढली. मूळ हवे म्हणून सबंध झाड उपटले गेले, बी पडण्याची वाट पाहिली गेली नाही. अखेर १९९० मध्ये या वनस्पतीचा समावेश आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस कराराच्या परिशिष्ट २ मध्ये करावा लागला. मुळाची काढणी थंडीत, पाने झडल्यावर आणि बी पडून गेल्यावर करणे, हा साधा नियम सर्वत्र पाळला गेला असता, तर रानातील सर्पगंधेची स्थिती निश्चितच बरी राहिली असती.

आपल्या समाजांनी अशा घाईवर उपाय शोधले नव्हते असे नाही. बस्तरमध्ये मरका पंडुम हा सण साजरा होईपर्यंत नवा आंबा खाल्ला जात नाही. उत्तराखंडच्या उंच कुरणांत नंदाष्टमीपूर्वी फुले व वनस्पती तोडण्यास परंपरेने मज्जाव आहे. सह्याद्रीतील अनेक आदिवासी पाड्यांत कोवळी भाजी देवाला दाखविल्याशिवाय घरात शिजत नाही. या प्रथांकडे केवळ श्रद्धा म्हणून पाहू नये. सर्वांनी एकाच दिवशी सुरुवात करायची आणि त्याआधी कोणीच हात लावायचा नाही, हा तो सामूहिक करार आहे. स्पर्धा मोडण्याचा याहून स्वस्त उपाय कोणत्याही विभागाला सापडलेला नाही. वनहक्क कायदा, २००६ अन्वये ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, त्यांना असा करार पुन्हा करण्याचा कायदेशीर आधारही आता आहे.

काय करता येईल?

या विवेचनातून चार सूचना पुढे येतात. त्यांपैकी एकीलाही मोठ्या निधीची गरज नाही.

पहिली सूचना गावाच्या ऋतुपत्रकाची. त्या शिवारात व जंगलात खरोखर आढळणाऱ्या आठ-दहा वनस्पतींची एका पानाची तक्ताबद्ध माहिती तयार करावी. तीत कोणता भाग घ्यायचा, झाडावर कोणती खूण दिसल्यावर घ्यायचा, कसा वाळवायचा आणि किती सोडायचा, एवढेच चार रकाने असावेत. गुळवेलीचे बुंध्याकडील हातभर खोड राखावे, हिरड्याची काही झाडे बाळहिरड्याच्या हंगामात न उतरवता ठेवावीत, आवळ्यासाठी फांदी तोडू नये, अशा गोष्टी शेवटच्या रकान्यात येतील. हे पत्रक कार्यालयात बसून नव्हे, तर गावातील जाणत्या स्त्री-पुरुषांसोबत बसून करावे आणि जैवविविधता कायद्याखालील लोक जैवविविधता नोंदवहीला जोडावे.

दुसरी सूचना पोत्यावरील चिठ्ठीची. वनस्पतीचे नाव, भाग, गाव, काढणीची तारीख आणि वाळवण्याची पद्धत या पाच बाबी प्रत्येक पोत्यावर लिहिलेल्या असाव्यात. खरेदीदाराने त्याबद्दल लगेच जादा भाव दिला नाही तरी चालेल. तारीख लिहिली जाऊ लागली की तारखेबद्दल प्रश्न विचारले जाऊ लागतात, आणि प्रश्नांतूनच पुढे भाव ठरतो. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ व भारतीय गुणवत्ता परिषद यांच्या ऐच्छिक प्रमाणीकरण योजनेकडे जाणाऱ्या शेतकरी गटांसाठी ही चिठ्ठी पहिली पायरी ठरेल.

तिसरी सूचना काढणीच्या तारखेच्या प्रात्यक्षिकाची. आपण वाणांची प्रात्यक्षिके घेतो, खतांची घेतो, परंतु काढणीच्या तारखेचे प्रात्यक्षिक क्वचितच घेतले जाते. एकाच शेतातील कालमेघाचे चार वाफे पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने कापावेत, प्रत्येकाचे वाळलेले वजन आणि पानांचे प्रमाण शेतकऱ्यांसमोर मोजावे, आणि नमुने कृषी विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत पाठवावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आलेला निकाल त्याच गावातील फलकावर लावावा. एकेका शेतकऱ्याला तपासणीचा खर्च परवडत नसेल, तर गटाचा मिळून एक नमुना पाठवता येतो. पुदिना उत्पादकाला तेलाचा डबा जे सांगतो, ते इतरांना सांगणारा हा फलक असेल.

चौथी सूचना थांबण्याच्या किमतीची. ज्याच्या घरात आज धान्य नाही, त्याला जानेवारीपर्यंत थांबा म्हणणे हा उपदेश झाला, विस्तार नव्हे. बचत गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी यांच्यामार्फत काढणीपूर्व उचल, सामायिक वाळवण ओटा आणि कोरडे गोदाम या तीन सोयी झाल्या, तर थांबणे शक्य होते. गौण वनोपजासाठी २०१३-१४ पासून किमान आधारभूत किमतीची योजना आहे. ती खरेदी योग्य हंगामातील मालाशी जोडली आणि वेळेवर पैसे हातात पडले, तर योजनेचा हेतू अधिक चांगला साधेल.

शेवटी

यावर असा आक्षेप येईल की, खरेदीदार जोपर्यंत ऋतूचा भाव देत नाही, तोपर्यंत शेतकऱ्याने तो का पाळावा? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे संपूर्ण उत्तर विस्तार कार्यकर्त्याच्या हाती नाही. पण ज्या मालाबरोबर तारीख, गाव आणि तपासणीचा निकाल येतो, त्याच्यासाठी भाव मागता येतो. ज्या पोत्याला इतिहासच नाही, त्याच्यासाठी केवळ विनवणी करता येते. शेतकऱ्याला विनवणीकडून मागणीकडे नेणे, एवढे काम आपल्या हाती निश्चित आहे.

येत्या हंगामात आपल्या कार्यक्षेत्रातील एक गाव, एक वनस्पती आणि दोन काढणी-तारखा निवडाव्यात. मोजमाप गावासमोर करावे आणि निकाल गावातच सांगावा. काटा फक्त वजन सांगतो. त्या वजनात औषध किती आणि काष्ठ किती, हे ज्या दिवशी पिकवणाऱ्यालाही कळेल, त्या दिवसापासून ऋतू पाळण्यासाठी त्याला कोणाच्या उपदेशाची गरज उरणार नाही.